क्यूआय प्रोजेक्ट की संशोधन? वॉर्डात काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘क्यूआय’ हा शब्द आता वॉर्डातल्या मावशींपर्यंत पोचला आहे. क्वालिटी इम्प्रूव्हमेंट, म्हणजे गुणवत्ता सुधारणा. ट्रेनिंग होतं, प्रमाणपत्रं वाटली जातात, आणि मग चहाच्या वेळी तेच ते प्रश्न दबक्या आवाजात निघतात. त्यातले काही इथे घेतले आहेत. माझं बरंचसं काम लेबर रूम आणि एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा कक्ष, यांच्या आसपास झालं, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच जास्त येतील.

संशोधन आणि क्यूआय यांत नेमका फरक काय?

संशोधन करणाऱ्याला उत्तर ठाऊक नसतं, ते शोधायचं असतं. क्यूआयमध्ये उत्तर पुस्तकात छापलेलं असतं. ते आपल्या वॉर्डात का उतरत नाही, हे शोधायचं असतं.

सिझेरियनचं घ्या. चिरा देण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक दिलं तर जंतुसंसर्ग कमी होतो, याचा निकाल कधीच लागला आहे. पण आपल्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काय होतं? वॉर्डातल्या सिस्टरना वाटतं ओटीत देतील, ओटीतल्या सिस्टरना वाटतं वॉर्डातूनच देऊन पाठवलं असेल, आणि बाळ बाहेर आल्यावर कुणाला तरी आठवतं. ही गाठ सोडवणं म्हणजे क्यूआय. त्यातून विज्ञानात भर पडत नाही, पण टाके पिकून परत येणाऱ्या बायका कमी होतात.

दोन्हींची साखळी कशी असते ते गडचिरोलीत दिसतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरी पोचवली, अगदी जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला अँटिबायोटिकचं इंजेक्शन देण्यापर्यंत. तुलनेला दुसरी ४७ गावं होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तुलनेच्या गावांच्या हिशेबात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. जेमतेम शिकलेली बाई हे करू शकेल, यावर तोवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. म्हणून ते संशोधन. पुढे २०११ पासून देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या. आता तुमच्या पीएचसीच्या हद्दीत दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी खरोखर पोचते का, हा प्रश्न क्यूआयचा. बाळंतीण असते माहेरी आणि नाव असतं सासरच्या आशाच्या वहीत. अशा ठिकाणी भेट चुकते, आणि त्यावर कुठलंही आंतरराष्ट्रीय नियतकालिक तोडगा देत नाही. दोन आशांनी एकमेकींना फोन करायची रीत पाडावी लागते.

क्यूआयला एथिक्स कमिटीची परवानगी लागते का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याची अर्धवट उत्तरंही सगळ्यांत जास्त फिरतात. एथिक्स कमिटी म्हणजे संशोधनात रुग्णाचं हित जपलं जातं का ते तपासणारी समिती.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हिच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार एथिक्सचं परीक्षण तीन प्रकारचं असतं: सूट, जलद आणि पूर्ण कमिटीपुढे. ज्यात जोखीम जवळजवळ नाही आणि रुग्णाची ओळख माहितीला जोडलेली नाही, अशा कामांना सूट मिळू शकते. संस्थेतली गुणवत्ता तपासणी आणि ऑडिट यांचा उल्लेख त्या यादीत आहे. बहुतेक जण इथपर्यंत वाचतात आणि कागद मिटतात. पुढची ओळ महत्त्वाची: सूट आहे की नाही हे कमिटी ठरवते, आपण नाही. न्हाव्याला विचारून कुणी केस वाढलेत का ते ठरवत नाही, तसं हे.

अर्ज लिहिण्याआधी स्वतःशी थोडं बोलून घ्यावं. रुग्णांचे गट पाडून एकांना एक आणि दुसऱ्यांना दुसरं द्यायचं आहे का? एरवी घेतलं नसतं असं एखादं जादा रक्त, जादा सोनोग्राफी, लांबलचक मुलाखत घ्यायची आहे का? जो बदल करतोय तो खरंच उपयोगी आहे का, याबद्दल आपल्यालाच शंका आहे का? यातल्या एकालाही ‘हो’ म्हणावं लागलं, तर ते संशोधन आहे. नाव क्यूआय ठेवल्याने ते बदलत नाही. तिन्हींना ‘नाही’ असेल तरी एका पानाचा अर्ज कमिटीच्या सदस्य सचिवांकडे द्या, सूट मिळाल्याचं पत्र घ्या आणि फाइलला लावा. आठवडा जाईल, दोन जातील. पुढचा मनस्ताप वाचतो.

एवढं काटेकोर कशाला? साधी चेकलिस्ट तर आहे.

हेच अमेरिकेतल्या मिशिगनमध्येही वाटलं होतं. जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी तिथल्या आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइनसाठी, म्हणजे मोठ्या शिरेत घालायच्या नळीसाठी, पाच साध्या गोष्टी लावून धरल्या: हात धुणं, लाइन घालताना रुग्णाला पूर्ण झाकणारं निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्झिडिनने त्वचा साफ करणं, जमेल तिथे मांडीची शीर टाळणं, आणि गरज संपलेली लाइन काढून टाकणं. डॉक्टर पायरी चुकले तर सिस्टरनी थांबवायचं, हेही ठरलं. १०३ आयसीयूंची आकडेवारी २००६ मध्ये छापून आली. दर हजार लाइन-दिवसांमागे संसर्गाची सरासरी ७.७ होती, ती दीड वर्षात १.४ वर आली.

मग एक तक्रार गेली. २००७ च्या अखेरीस अमेरिकी सरकारच्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाने म्हटलं, हे संशोधन आहे, रुग्णांची संमती घेतलेली नाही, कमिटीचं रीतसर परीक्षण झालेलं नाही. काम थांबलं. बराच गदारोळ झाला. डॉक्टरांनी हात धुवावेत म्हणून रुग्णाची सही घ्यायची का, असा सवाल उघडपणे विचारला गेला. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याच कार्यालयाने काम पुढे चालू ठेवायला हरकत नाही असं कळवलं.

माझं मत विचाराल तर कार्यालयाची भूमिका टोकाची होती. पण रेषा किती पातळ आहे ते यातून दिसतं. हात धुणं हा उपचाराचा भाग. पण शंभर ठिकाणची माहिती एकत्र करून जगासमोर निष्कर्ष मांडायचा म्हटलं की दुसरे प्रश्न उभे राहतात. हॉपकिन्ससारख्या संस्थेची ही गत, तर आपण सूट मिळाल्याचं पत्र घेऊन ठेवलेलं बरं.

आधी नुसतं काम केलं, नंतर छापावंसं वाटलं तर?

मागच्या तारखेची परवानगी मिळत नाही. मागू नका, आणि कुणी देतो म्हणाला तर घेऊ नका. छापण्याची शक्यता दहा टक्के जरी वाटत असेल तरी सुरुवातीलाच पत्र घ्या. लिहिताना ‘स्क्वायर २.०’ ही क्यूआयचे अहवाल कसे लिहावेत ते सांगणारी २०१५ ची मार्गदर्शिका समोर ठेवा. काय फसलं आणि का फसलं ते लिहायला ती जागा देते.

एमडीच्या प्रबंधासाठी क्यूआय विषय चालेल का?

चालतो, पण गाइडशी आधी बोला. काही गाइडना कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेचा गट, दिसला नाही की चैन पडत नाही. प्रबंध म्हटला की एथिक्सची परवानगी आलीच. रुग्णांवर काही उपचार वा बदल करून बघणारा अभ्यास असेल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर नोंदणी करा. ही देशाची क्लिनिकल ट्रायलची नोंदवही २००७ पासून चालू आहे, नोंदणीला पैसे पडत नाहीत. मात्र शंकांची उत्तरं देण्यात दिवस जातात, तेव्हा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, मंजूर झाला की लगेच मागे लागा.

पहिला प्रोजेक्ट कसा करायचा? एक उदाहरण द्याल?

थंड पडणारी बाळं घ्या. नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं. लेबर रूममधून बाळ आईसोबत वॉर्डात जाताना ते किती असतं?

पहिलं काम मोजायचं. सलग वीस बाळं, काखेत थर्मामीटर, त्याच क्षणी वहीत आकडा. दिवस, रात्र, रविवार, सगळं आलं पाहिजे. फक्त सकाळच्या शिफ्टची बाळं मोजलीत तर तुम्ही सकाळची शिफ्ट मोजलीत, लेबर रूम नाही. ‘सुधारणा करू’ एवढ्याने भागत नाही. उद्दिष्ट असं लिहा: ‘वॉर्डात जाताना ३६.५ च्या खाली असलेल्या बाळांचं प्रमाण दहा आठवड्यांत निम्म्यावर आणायचं.’ कोण, किती, कधीपर्यंत.

मग कारणं. इथे ‘स्टाफ लक्ष देत नाही’ हे वाक्य बंद. जाऊन उभं राहा आणि पाहा. मे महिना आहे, डॉक्टर घामाने निथळताहेत, डोक्यावर पंखा गरगरतोय आणि ओलं बाळ त्याखाली. धोब्याकडून कपडे अकरा वाजता येतात, म्हणून पहाटेच्या बाळंतपणांना कोरडा टॉवेलच नसतो. नातेवाईक सुती साडीचा तुकडा घेऊन बाहेर बसलेत, पण तो आत मागायचा कुणी? वजनकाट्याची पत्र्याची थाळी गार. बाळ आईच्या पोटावर ठेवायचं हे सगळ्यांना माहीत आहे, पण टाके घालायचे असले की ‘आधी वजन करून घ्या’ म्हणून उचललं जातं.

आता यातलं एकच उचला. समजा, कापड. आई लेबर रूममध्ये येतानाच नातेवाइकांकडून दोन कोरडी कापडं घेऊन बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली ठेवायची. उद्या एका शिफ्टमध्ये, एका सिस्टरनी, एका बाळासाठी करून बघा. काय अडलं? वॉर्मर चालूच नव्हता, कारण त्याचं बटण डॉक्टर आल्यावर दाबायचं अशी पद्धत होती. बरं, परवा बटण आधी दाबा. पुन्हा बघा. योजना, कृती, पडताळा, फेरबदल हे चक्र यालाच म्हणतात, इंग्रजीत पीडीएसए. एका बाळावर जमलं तर पाचांवर, मग एका शिफ्टवर, मग सगळ्यांवर. सुरुवातीलाच सर्क्युलर काढलंत तर वॉर्मरचं बटण कुणाच्या लक्षात आलं नसतं.

एक गोष्ट राहते. गरम ठेवण्याच्या नादात ३७.५ च्या वर किती बाळं जातात, तेही मोजा. एकीकडचं सुधारताना दुसरीकडे बिघडत नाही ना, हे पाहणारं एक तरी मोजमाप हवं.

किती रुग्ण घ्यायचे? सॅम्पल साइज काढायचा का?

नाही. संशोधनात एकदाच मोठं मोजमाप, क्यूआयमध्ये थोडं थोडं पण सतत. आठवड्याला एक टिंब काढा. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर टक्के, मधोमध मध्यकाची रेघ (निम्मी टिंबं वर, निम्मी खाली राहतील अशी). दहाबारा टिंबं झाली की चित्र बोलू लागतं. सलग सहा किंवा जास्त टिंबं रेघेच्या एकाच बाजूला आली, किंवा सलग पाच चढत वा उतरत गेली, तर काहीतरी खरंच बदललंय असं समजायचं. एक आठवडा चांगला गेला म्हणून पेढे नकोत, एक वाईट गेला म्हणून मेमोही नको. आधी ४० टक्के, नंतर ७० टक्के, असे दोन खांब काढलेले पोस्टर परिषदांमध्ये ढिगाने दिसतात. मधे काय झालं, ते आधीपासूनच चढत होतं का, हे त्यातून कळत नाही.

आमच्या रजिस्टरमध्ये सगळं आधीच शंभर टक्के आहे. मग सुधारायचं काय?

रजिस्टर.

मी एका ठिकाणी, नाव घेत नाही, बाळांच्या तापमानाचं रजिस्टर चाळलं. पानंच्या पानं ३६.८. जुलैत ३६.८, डिसेंबरातही ३६.८, जुळ्यांचंही ३६.८. शेवटी थर्मामीटर मागितला. कपाटाची किल्ली शोधायला वीस मिनिटं गेली आणि आतल्या थर्मामीटरचा सेल संपलेला निघाला. त्या सिस्टरांना मी दोष दिला नाही, अजूनही देत नाही. त्या रात्री दोघीजणी लेबर रूम, प्रसूतिपश्चात वॉर्ड आणि ‘सिस्टर, जरा बघा ना’ अशा हाका सांभाळत होत्या. वर रजिस्टरचा रकाना रिकामा दिसला की बोलणी बसायची. थंड बाळाबद्दल कुणी कधी विचारलं नव्हतं. जे विचारलं जातं ते भरलं जातं.

म्हणून आकडा दाखवण्यासाठी घेताय की स्वतःला कळण्यासाठी, हे टीमला पहिल्या दिवशी सांगा, आणि वागण्यातून दाखवा. पहिल्याच वाईट आकड्याला सिस्टर इन्चार्जना मीटिंगमध्ये उभं केलंत, की पुढच्या महिन्यापासून ३६.८ सुरू होतं. क्यूआयमध्ये खोटे आकडे येण्याचं कारण मला तरी आळस हे क्वचितच दिसलं. बहुतेक वेळा भीती दिसली.

एनक्यूएएस, लक्ष्य, कायाकल्प, एनएबीएच हे सगळं म्हणजे क्यूआयच ना?

ही मानकं आणि त्यांची प्रमाणपत्रं. सरकारी रुग्णालयांसाठी एनक्यूएएस २०१३ पासून आहे, तपासणीचे आठ विभाग आणि पात्रतेला ७० टक्के गुण. कायाकल्प २०१५ पासून, त्यात स्वच्छता आणि संसर्ग नियंत्रणावर भर. ‘लक्ष्य’ २०१७ च्या अखेरीस लेबर रूम आणि प्रसूतीच्या ओटीसाठी आलं. एनएबीएच क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचं, खासगी रुग्णालयांना ओळखीचं.

मानक सांगतं कुठे पोचायचं, क्यूआय सांगतं कसं पोचायचं. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात भिंती रंगवणं, कुंड्या आणणं, रात्रभर बसून एसओपीवर, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतींवर, सह्या करणं हे यातलं काहीच नाही, पण होतं सगळीकडे. तरी मी मानकांच्या विरोधात नाही. ज्या रुग्णालयात बाळंतिणींच्या संडासाला दार नव्हतं तिथे अ‍ॅसेसर, म्हणजे तपासनीस, येणार म्हणून दार बसलं, तर ते दार खरंच आहे.

चेकलिस्ट लावली की मृत्यू कमी होतात का?

कधी होतात, कधी नाही, आणि का नाही हे समजून घेण्याजोगं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची १९ कलमी चेकलिस्ट जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. २००९ मध्ये निकाल आला: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंत ११ वरून ७ वर. सगळे हुरळले. कॅनडातल्या ओंटारिओत ती सर्वत्र लागू झाली. १०१ रुग्णालयांचा हिशेब २०१४ मध्ये आला, तर मृत्यूंत ठोस फरक नाही. कागद सगळीकडे पोचला होता. ओटीत थांबून एकमेकांशी बोलणं पोचलं होतं का, हे कागदावरून कळत नाही.

आपल्याला जास्त जवळचा अभ्यास उत्तर प्रदेशातला ‘बेटरबर्थ’. २४ जिल्हे, १२० आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं. निम्म्या केंद्रांत सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट दिली, आणि नुसती भिंतीला चिकटवली नाही. आठ महिने प्रशिक्षक येऊन सिस्टरांच्या बाजूला उभे राहिले. काम सुरू होऊन दोन महिन्यांनी पाहिलं तर आवश्यक १८ गोष्टींपैकी तिथे ७३ टक्के होत होत्या, इतर केंद्रांत ४२. सुरुवातीपासून बारा महिन्यांनी, प्रशिक्षक गेल्यावर, ७३ चे ६२ झाले. आणि मृत्यू व गंभीर गुंतागुंत मिळून? १५.१ विरुद्ध १५.३ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही.

२०१७ मध्ये हा निकाल आला तेव्हा क्यूआयवाल्यांचे चेहरे उतरले होते, माझाही. आता वाटतं, हा अभ्यास झाला हे फार बरं झालं. तो रँडमाइज केलेला होता, म्हणजे कुठल्या केंद्राला चेकलिस्ट द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणून सत्य कळलं. नुसता आधी-नंतर बघितला असता तर ७३ टक्क्यांवर टाळ्या पडल्या असत्या. सिस्टरांनी हात धुतले, रक्तदाब मोजला, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन दिलं. पण रक्तदाब १७० निघाल्यावर पुढे काय? झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट आहे का, रात्री गाडी मिळते का, पुढच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ जागेवर आहे का? चेकलिस्ट दाराशी आणून सोडते, पुढचा रस्ता तिच्या हातात नसतो.

स्टाफच नाही, तर क्यूआय कसलं करायचं?

रास्त प्रश्न. रिकामी पदं पीडीएसएने भरत नाहीत, आणि तसं सांगणाऱ्या ट्रेनरला तुम्ही खुशाल अडवा. पण मोजमाप इथेही कामाला येतं. ‘सिस्टर कमी आहेत’ हे पत्र वर्षानुवर्षं वर जात असतं. ‘एका सिस्टरकडे दोन बाळंतपणं एकाच वेळी आली त्या रात्रींना थंड बाळं इतकी, एरवी इतकी’ हे पत्र जरा वेगळं वाचलं जातं. शिवाय काही गोष्टींना माणसं लागत नाहीत. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ते ट्रेमध्ये दिवसभर पडून राहण्याऐवजी लेबर रूमच्या फ्रिजमध्ये ठेवायला नवी भरती लागत नाही.

रुग्णांना सांगावं लागतं का? फोटो काढले तर?

रोजचं काम नीट करण्यासाठी संमतीपत्र लागत नाही, पण कोणी विचारलं तर सरळ सांगा, लपवण्यासारखं काही नाही. केसपेपरचे फोटो क्यूआयच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं मात्र आजच बंद करा. नाव, गाव, एचआयव्हीचा रिपोर्ट, सगळं चाळीस जणांच्या फोनमध्ये, आणि त्यातले सहा जण बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले. वहीत अनुक्रमांक लिहा. नावाची यादी वेगळी, कुलपात.

टीममध्ये कोण कोण हवं?

जे ते काम हाताने करतात ते. बाळाच्या कापडांचा प्रश्न असेल तर मावशी हव्यातच, धोब्याची वेळ त्यांनाच ठाऊक असते. एक सिस्टर इन्चार्ज, एक रेसिडेंट, आणि सह्या करू शकणारा एक वरिष्ठ, जो मीटिंगमध्ये शेवटी बोलेल. रेसिडेंट सहा महिन्यांनी पोस्टिंग बदलून जातो, म्हणून नेतृत्व सिस्टरांकडे असलं तर काम टिकतं.

एक्सेल येत नाही. चालेल?

उत्तम चालेल. दहावीच्या भूमितीचा आलेखाचा कागद आणा, ड्यूटी रूमच्या भिंतीला लावा, शेजारी दोऱ्याने स्केचपेन बांधा, नाहीतर पेन जातं. दर सोमवारी सकाळच्या सिस्टरनी एक टिंब काढायचं. टिंब घसरलं त्या आठवड्यात काय झालं होतं ते बाजूला दोन शब्दांत: ‘लाइट गेली’, ‘वॉर्मर दुरुस्तीला’, ‘गणपती, स्टाफ निम्मा’.